त्यांना विसरता येत नाही हो!



स्मरणशक्ती ही आपल्याकडे नेहमी वाढवायचीच गोष्ट. परीक्षा जवळ आली की घरोघरी बदाम भिजत पडतात, ब्राह्मीच्या बाटल्या येतात. विसरभोळ्या माणसाची थट्टा होते. पण ज्याला विसरताच येत नाही, त्याचं काय होत असेल? याचा विचार आपण सहसा करत नाही.

अमेरिकेत जिल प्राइस नावाच्या एक बाई आहेत. जून २००० मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, त्यांनी कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन इथल्या विद्यापीठात स्मृतीवर संशोधन करणाऱ्या जेम्स मॅगॉ यांना पत्र लिहिलं. मला गेलेले दिवस विसरता येत नाहीत, कृपा करून मदत करा, असा त्याचा मतितार्थ. १९८० पासूनचा तर प्रत्येक दिवस आठवतो, असं त्यांचं म्हणणं. तारीख सांगा, वार सांगतील, त्या दिवशी आपण काय करत होतो तेही सांगतील.

मॅगॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच-सहा वर्षं त्यांना तपासलं. एकदा अचानक सांगितलं, १९८० पासूनच्या सगळ्या ईस्टरच्या तारखा लिहा. ईस्टर दरवर्षी वेगळ्या तारखेला येतो आणि बाई ज्यू, म्हणजे तो त्यांच्या घरचा सणसुद्धा नव्हे. तरी दहा मिनिटांत चोवीस तारखा लिहिल्या, एकच चुकली, आणि प्रत्येक तारखेपुढे त्या दिवशी स्वतः काय केलं तेही लिहिलं! तपासायला घरी डायऱ्या होत्याच. इराणमधलं ओलीस प्रकरण १९७९ मध्ये नेमकं कधी सुरू झालं यावरून तर संशोधकांच्या हातातल्या पुस्तकात एक तारीख आणि बाईंची दुसरी. पडताळलं तेव्हा पुस्तक चूक निघालं. (माझ्या वर्गात असं कोणी केलं असतं तर मी पेढे वाटले असते.)

गंमत पुढेच आहे. ह्याच बाई शाळेत साधारण होत्या. कविता पाठ व्हायच्या नाहीत. किल्ल्यांच्या जुडग्यातली कुठली किल्ली कुठल्या कुलपाची, हे लक्षात राहात नसे. डोळे मिटून समोरच्या संशोधकांच्या अंगावर कोणते कपडे आहेत ते सांगा म्हटलं, तर सांगता आलं नाही. म्हणजे ही पाठांतराची शक्ती नव्हे. घोकून येणारी नव्हे आणि घोकायला उपयोगी पडणारीही नव्हे. फक्त स्वतःचं आयुष्य तेवढं साठत जातं, न मागता. २००६ मध्ये संशोधकांनी यावर निबंध प्रसिद्ध केला आणि ह्या प्रकाराला ‘हायपरथायमेस्टिक सिंड्रोम’ असं लांबलचक नाव दिलं. पुढे अशी आणखी माणसं सापडली, पण थोडीच.

आता घरचं सांगते. (त्यांना विचारूनच लिहिते आहे, काळजी नको.)

आमच्या थोरल्या जाऊबाईंना सगळं तिथीवारासकट आठवतं. त्यांची कोणी चाचणी घेतलेली नाही आणि ते लांबलचक नाव मी त्यांना चिकटवणारही नाही. पण ‘त्या जुनी मढी उकरतात’ हे वाक्य आपल्या घरात मी इतक्यांदा ऐकलंय की आता बोललंच पाहिजे. अहो, उकरायला आधी पुरलेलं असावं लागतं!

१९७१ सालची गोष्ट. घरात लग्न होतं. त्यांचे वडील अत्यवस्थ असल्याची तार आली आणि कार्यात विघ्न नको म्हणून ती मोठ्यांनी पंगती उठेपर्यंत लपवून ठेवली. त्या माहेरी पोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं. जाऊबाई ‘एकाहत्तर साली’ असं म्हणत नाहीत. त्या म्हणतात, त्या गुरुवारी कढी फुटली होती, आणि मी ती पुन्हा करत बसले होते. कढीचा वाससुद्धा येतो म्हणतात.

‘पन्नास वर्षं झाली, सोडून द्या आता.’ आपण सगळे हेच सांगतो. आपल्याला सोडता येतं, कारण आपली वर्षं आपलं काम करतात. कडा झिजतात, राग निवतो, आणि मग आपण म्हणतो, मी माफ केलं! खरं तर बऱ्याचदा माफ वगैरे काही केलेलं नसतं, विसरलेलं असतं. श्रेय तेवढं आपण घेतो. ज्याला ती सवलतच नाही, त्याने काय करायचं? ज्यांनी तार लपवली, त्या सासऱ्यांचं शेवटचं तीन वर्षांचं आजारपण जाऊबाईंनीच काढलं. भांडं द्यायचं, अंग पुसायचं, आणि तो गुरुवार रोज डोळ्यांसमोर. मला विचाराल तर क्षमा म्हणायची ती ह्याला. त्यांना खुनशी म्हणणाऱ्यांनी हे जरा पाहावं.

आता दुसरी बाजू. आठवण लख्ख आहे म्हणजे ती प्रत्येक बारकाव्यात बिनचूक असतेच, असंही नाही. २०१३ मध्ये अशाच वीस लोकांवर एक अभ्यास झाला. शब्दांच्या याद्या दाखवल्या, मग यादीत नसलेला पण जवळचा शब्द विचारला, तर ‘होता की’ म्हणून सांगण्यात हे लोक तुमच्या-माझ्यासारखेच फसले. तेव्हा तार सकाळी आली (जाऊबाई) की दुपारी (भावोजी), हा वाद दर सणाला नव्याने घालण्यात अर्थ नाही. सकाळी आली काय नि दुपारी आली काय, लपवली होती हे दोघांनाही मान्य आहे. आणि ते चूक होतं, एवढं वाक्य ह्या घरात आजवर कोणी त्यांना म्हटलेलं नाही. मी म्हटलं, गेल्याच महिन्यात. त्या काही बोलल्या नाहीत, पानं पुसत बसल्या. मग विडा करून माझ्या हातात दिला.

असो. दिवाळीला सगळे जमणार आहोत. पुण्याची मंडळी, बडोद्याची मंडळी, सगळ्यांना सांगून ठेवते. ‘अजून तेच का?’ असं कोणी म्हणू नका. विचारायचंच असेल तर त्यांच्या वडिलांबद्दल विचारा. ते गावच्या उत्सवात नाटकात काम करायचे, स्त्रीपार्टसुद्धा. कुठल्या वर्षी कुठली भूमिका, पदर कुणाकडून मागून आणला, कुठल्या रात्री पेट्रोमॅक्स विझला, हेही त्यांना सगळं वारासकट पाठ आहे. मी परवा तासभर ऐकत होते. अजून बरंच राहिलंय म्हणाल्या.