दिल्लीतील हरित शाळा : मोजमाप विद्यार्थ्यांचे, उत्तरदायित्व कोणाचे?

नवी दिल्ली : नोव्हेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय राजधानी परिक्षेत्रात प्रदूषणविरोधी ‘ग्रॅप’ आराखड्याचा चौथा टप्पा लागू झाला आणि शाळांचे वर्ग ऑनलाइन भरू लागले. पर्यावरणाचे धडे जेथे गिरवले जातात, ते वर्गच हवेमुळे ओस पडले. अशा शहरात शाळा आणि स्वयंसेवी संस्था मिळून राबवत असलेल्या प्रकल्पांकडे निव्वळ सहशालेय उपक्रम म्हणून पाहता येत नाही.

या भागीदारीला आधार जुना आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी शाळांत पर्यावरण शिक्षण अनिवार्य करण्याचे निर्देश दिले. २००१-०२ मध्ये केंद्राची राष्ट्रीय हरित सेना सुरू झाली आणि शाळाशाळांत इको-क्लब निघाले. मात्र अनेक क्लबांचे वर्ष ५ जूनचे वृक्षारोपण आणि भित्तिपत्रक स्पर्धा यांतच सरते. छायाचित्र निघते, रोपाला मे महिन्यात पाणी कोण घालणार, हे ठरलेले नसते.

दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेच्या ‘ग्रीन स्कूल्स प्रोग्रॅम’ने वेगळी वाट धरली. यात विद्यार्थी स्वतःच्या शाळेचेच लेखापरीक्षण करतात. हवा, ऊर्जा, अन्न, जमीन, पाणी आणि कचरा असे सहा विषय त्यासाठी ठरलेले आहेत. वीजबिल किती, कचरा वेगळा होतो का, किती मुले खासगी मोटारीने येतात, याची नोंद मुलेच घेतात. घोषणेपेक्षा आकडा अधिक अडचणीचा असतो, हे या पद्धतीचे बळ.

पण अडचणही येथेच सुरू होते. गळका नळ सापडला, तरी दिल्लीच्या सरकारी शाळांच्या इमारतींची देखभाल सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असते. मुख्याध्यापकांचे अधिकार तोकडे. कुंपणापलीकडे जळणारा कचरा तर महापालिकेचा विषय. विद्यार्थ्यांनी मोजले आणि कोणी हललेच नाही, तर ती मुले नागरिकशास्त्राचा नको तोच धडा शिकतात.

शैक्षणिक वर्ष आणि निसर्ग यांची कालगणना वेगळी असते, हाही प्रश्न आहे. गुरुग्रामच्या अरवली जैवविविधता उद्यानात पूर्वी दगडखाणी होत्या. ‘आय ॲम गुडगाव’ या नागरिक संस्थेने २०१० पासून महापालिकेच्या सहकार्याने तेथे वेड्या बाभळीऐवजी सालई, पळस यांसारखी स्थानिक झाडे लावली. शाळकरी मुलांनीही रोपे लावण्यास हात दिला. मुले पुढच्या इयत्तेत गेली, संस्था मात्र राखणीला राहिली. सुमारे ३९० एकरांचे हे उद्यान, राष्ट्रीय उद्यान वा अभयारण्य नसतानाही जैवविविधता जपणारे देशातील अशा वर्गातील पहिले क्षेत्र म्हणून २०२२ मध्ये जाहीर झाले.

त्याआधीचे उदाहरण मराठी वाचकांना जवळचे वाटेल. आज पुण्यातून काम करणारी ‘कल्पवृक्ष’ ही संस्था १९७९ मध्ये दिल्लीत, रिजवरील जंगल वाचवण्यासाठी शालेय आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या चळवळीतून जन्मली. रिजच्या सुमारे ७,७७७ हेक्टर क्षेत्राला राखीव वन करण्याची प्राथमिक अधिसूचना निघाली ती मे १९९४ मध्ये, म्हणजे १५ वर्षांनी. त्या मुलांचा ‘प्रकल्प’ गुणपत्रिकेसाठी नव्हता, हे वेगळे सांगायला नको.

विद्यार्थ्यांच्या निष्कर्षांना उत्तर मिळवून देण्यासाठी नवी योजना लागेलच असे नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळा विकास आराखडा तीच तयार करते. अनुदानाचे नियोजनही त्या आराखड्यावर बेतायचे असते. इको-क्लबचा अहवाल या आराखड्यास जोडला, तर गळक्या नळाची नोंद प्रदर्शनाच्या फलकावरून निधीच्या मागणीत जाईल. खासगी विनाअनुदानित शाळांना ही समिती बंधनकारक नाही. तेथे पालक-शिक्षक संघापुढे अहवाल ठेवणे हाच जवळचा मार्ग उरतो.