आंबणें आणि बुरसणें

आषाढांतली गोष्ट. आमच्या नाशिक रोडच्या घरीं पावाचा एक तुकडा फडताळांत विसरून राहिला. चौथ्या दिवशीं त्यावर कापसासारखी पांढरी लव व तींत बारीक काळे ठिपके दिसूं लागले. नातवानें विचारिलें, "आजोबा, कुरडईचा गहू तीन दिवस आंबवून आपण खातों, मग हा पाव कां टाकावयाचा?" प्रश्न मोठा मार्मिक!

वाचकहो, आंबणें आणि बुरसणें ह्या क्रिया निराळ्या. गव्हाचा चीक किंवा इडलीचें पीठ आंबवितात ते सूक्ष्म जीव वेगळे; पावावरची ती लव बहुधा ऱ्हायझोपस नांवाची बुरशी. ग्रीक भाषेंत 'ऱ्हायझा' म्हणजे मूळ व 'पूस' म्हणजे पाय. हा 'पूस' आपल्या 'पाद' शब्दाचा सगोत्रच. मुळांसारखे तंतु रोवून ती अन्नावर उभी राहते, तेव्हां नांव अन्वर्थक आहे.

जावा बेटांत मात्र तिचा उपयोग करितात. सोललेल्या, शिजविलेल्या सोयाबीनमध्यें ह्याच प्रजातीची निवडक जाति मिसळून तें केळीच्या पानांत बांधितात. एकदोन दिवसांत तंतूंनीं दाणे विणले जाऊन घट्ट वडी होते. तिला 'टेंपे' म्हणतात.

हिचेंच उग्र रूप आपण २०२१ सालीं पाहिलें. कोरोनामागून महाराष्ट्रांत जी 'काळी बुरशी' फैलावली, तिचें प्रमुख कारण ऱ्हायझोपसचीच एक जाति. ती श्वासावाटे नाकांत शिरते. निरोगी माणसास ती सहसा बाधत नाहीं. परंतु रक्तांत साखर वाढलेली आणि त्यांत स्टेरॉइडांचा मारा, अशा देहांत ती मूळ धरिते. आमचे एक मधुमेही स्नेही कोरोनांतून उठले व गालाची एक बाजू दुखते म्हणाले. "दाढ असेल, लवंग धरा," असें आम्हींच सांगितलें. चार दिवस त्यांत गेले. प्राण वाचले, एक डोळा गेला.

नातवास आम्हीं सांगितलें : जावांत बीज पारखून पेरितात, येथें तें आपसूक पडलें, कोणतें, हें आपणांस ठाऊक नाहीं. म्हणून पाव टाकावा. वरचें कापून उरलेलें खाण्याची काटकसरही नको. तंतु आंत शिरलेले असतात. आणि घरांतील मधुमेही वडीलधाऱ्यांनीं साखर ताब्यांत ठेवावी. चेहऱ्याची एक बाजू दुखली वा बधिर झाली, नाकांतून काळसर स्राव आला, एकाचे दोन दिसूं लागले, तर त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. लवंग मसाल्याच्या डब्यांतच असूं द्यावी.