तिचे म्हणणे, कोणाच्या तोंडून?



शनिवार पेठेतल्या आमच्या खोलीवर येणारी एक बंजारा बाई कोर्टात साक्ष देऊन परतली ती गप्पच. दुभाषी म्हणून उभा केलेला माणूस तिच्या सासरच्या तांड्यावरचा! ‘जाळायला निघाला’ याचे त्याने ‘घरात भांडण झाले’ केले. आमच्यातल्या एकीला गोरमाटी येते, म्हणून हे कळले तरी.

नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३१७ दुभाष्याला खरे भाषांतर करायला बांधते. ते खरे की खोटे, हे पारखणार कोण? पोक्सोच्या २०२० च्या नियमांनी मुलांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात दुभाष्यांची नोंदवही ठेवायला लावली आहे. मोठ्या बायांसाठीही नोंदवही, परीक्षा, प्रमाणपत्र आणि (फुकट राबायचे नाही!) मानधन मागायचे आहे. गोरमाटी, वडारी, कैकाडी येणाऱ्यांनी आपली नावे कळवावीत.