पेनड्राईव्ह बिघडला की लगेच फॉरमॅट नको!

शिक्षक मित्रांनो, आमच्या संभाजीनगरच्या शाळेत लिनक्स संगणकावर पेनड्राईव्ह लावला, तर फाइली दिसत होत्या, पण सेव्ह काहीच होईना. सगळे म्हणाले, "सर, फॉरमॅट मारा!" पण त्यात मुलांच्या वर्षभराच्या आकारिक नोंदी होत्या! खरं तर गडबड दिसली की लिनक्स डेटा आणखी बिघडू नये म्हणून त्यावर लिहिणंच थांबवतं. आधी फाइली संगणकावर कॉपी केल्या, मग पेनड्राईव्ह अनमाउंट करून 'एफएससीके' ही कमांड चालवली. जमलं! चूक आमचीच, 'इजेक्ट' न करता ओढून काढायची. कॉपी झाली असं दिसलं तरी थोडी माहिती मेमरीतच असते. मुलांना पेनड्राईव्ह लावायला शिकवतो, तसं काढायलाही शिकवलंच पाहिजे.