विषय आधी, गाईड नंतर

मैंदर्गीच्या एका मुलीला पीएचडी करायची आहे. घरात दखनी, बाजारात कन्नड, शाळेत मराठी, अशी ती वाढली. अक्कलकोट तालुक्यातल्या सीमेवरच्या गावांत यात नवल काहीच नाही. तिला अभ्यास करायचा आहे जात्यावरच्या गाण्यांचा. एकाच गल्लीतल्या तीन घरांत, तीन भाषांत, दळताना बायका काय म्हणत होत्या? तिची नानी आणि शेजारची अव्वा अजून आहेत, त्यांना गाणी येतात. दहा वर्षांनी ती कुणाला विचारणार?

विषय पक्का आहे, नेटही झाली आहे. अडलंय ते गाईडपाशी. मराठीच्या सरांनी सांगितलं, दखनी म्हणजे उर्दू, तिकडे जा. उर्दूच्या सरांचं म्हणणं, ही बोली आहे, यात साहित्य कुठलं? कन्नडच्या मॅडमना विषय फार आवडला, पण त्यांचं विद्यापीठ पलीकडच्या राज्यातलं. चौथ्या ठिकाणी जागा रिकामी होती आणि सर लगेच तयारही झाले. अट एवढीच, की विषय बदलायचा. "तुम्ही मुस्लिम आहात ना, मग मुस्लिम महिलांच्या शैक्षणिक समस्या घ्या. लवकर होईल."

हे शेवटचं वाक्य मी इतक्या मुलामुलींच्या तोंडून ऐकलंय की आता राग येण्याऐवजी कंटाळा येतो. तालुक्याचं नाव बदलायचं, प्रश्नावली तीच ठेवायची, निष्कर्षही तेच. समाजाचा अभ्यास व्हायलाच हवा, पण आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याने तोच करावा असा दंडक कुणी घातला? आमच्या पोरांनी पॉलिमरवर, माळढोकावर, मोडी कागदपत्रांवर काम का करू नये? आणि जात्यावरची ओवी गरीब विषय आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी रिचर्ड ईटन यांचं 'सूफीज ऑफ बिजापूर' हे १९७८चं पुस्तक उघडून बघावं. दखनीतले चक्कीनामे, म्हणजे दळता दळता म्हणायची सूफी गीतं, हा त्यातला महत्त्वाचा पुरावा आहे. परदेशातून माणूस येऊन आपल्या आज्यांच्या जात्यापाशी थांबला आणि आपण म्हणतोय, यात साहित्य कुठलं!

त्या मुलीला मी सांगितलं, विषय सोडू नकोस, दार बदल. हा सल्ला हवेतला नाही. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये समाजशास्त्र शिकायला इंग्लंडला गेले तेव्हा आधी लंडनला हॉबहाऊस यांच्याकडे होते. तिथे जमेना, म्हणून ते केंब्रिजला रिव्हर्स यांच्याकडे गेले. १९२२मध्ये रिव्हर्स अचानक वारले. घुर्यांनी काम सोडलं नाही. हॅडन यांच्याकडे ते पुरं केलं. पुढे मुंबई विद्यापीठात ते स्वतः अनेकांचे मार्गदर्शक झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं उदाहरण आणखी बोलकं आहे. लंडनमधले त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांना रुपयाच्या प्रश्नावरची त्यांची मतं पटत नव्हती. तरी १९२३मध्ये तो प्रबंध पुस्तकरूपाने आला तेव्हा कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि मतभेदही त्यातच नोंदवले. गाईड आपल्याशी सहमत असावा, आपल्या जातीचा, आपल्या मोहल्ल्यातला असावा, याची गरज नसते. तो आपलं लिखाण वाचणारा असावा.

आता व्यवहाराचं. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार प्रोफेसरकडे एका वेळी आठ, असोसिएट प्रोफेसरकडे सहा आणि असिस्टंट प्रोफेसरकडे चार संशोधक असू शकतात. म्हणजे मोठ्या नावाकडे जागा नसणं साहजिक आहे. तो नकार मनाला लावून घेऊ नये. ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलाय त्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत, तेव्हा विचारण्याआधी तेही बघावं. कोणाकडे कोण, कोणत्या विषयावर काम करतंय ही यादी प्रत्येक विद्यापीठाने संकेतस्थळावर ठेवायची आहे. ती सापडत नसेल तर लेखी मागा. शोधगंगेवर त्या गाईडच्या हाताखालचे दोन प्रबंध काढून वाचा. दोन्हींची पहिली तीन प्रकरणं एकसारखी निघाली, तर तिथून निघायचं. आणि त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना चहाला बसवून विचारा: सर लिखाण किती दिवसांत परत देतात? घरची कामं सांगतात का? व्हायवाच्या वेळी पाकिटं निघतात का? मुलींनी आणखी एक विचारावं, आणि ते मुलींनाच विचारावं.

सीमेवरच्या विद्यार्थ्यांसाठी सगळ्यात कामाची तरतूद मात्र फारशी कुणाला ठाऊक नसते. सहमार्गदर्शक दुसऱ्या विभागातला, दुसऱ्या संस्थेतलाही चालतो, मंजुरी घेतली की झालं. मैंदर्गीहून कलबुर्गी काही परदेश नाही. सोलापुरात मराठीचा गाईड आणि पलीकडच्या त्या कन्नडच्या मॅडम सहमार्गदर्शक, असा अर्ज आता आम्ही त्या मुलीबरोबर बसून लिहितोय. सोलापूर जिल्ह्यासाठी २००४मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झालं. त्याला तीन भाषांचा हा पट्टा लाभलाय, तर असे अर्ज त्याने अपवाद म्हणून नव्हे, हक्काने मागवायला हवेत.

पैशाचा मुद्दा राहतोच. मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्राने २०२२मध्ये बंद केली. तेव्हापासून पाहतोय, नेट आहे पण जेआरएफ नाही अशी मुलं योग्य गाईड शोधत नाहीत, बसभाड्यात बसणारा गाईड शोधतात. जमातीच्या, ट्रस्टच्या शिष्यवृत्त्या बारावी आणि मेडिकलपाशी थांबतात. दोन वर्षांचं प्रवासभाडं आणि एक रेकॉर्डर, एवढं मैंदर्गीच्या त्या मुलीला पुरेल.

तिच्या अब्बांची काळजी वेगळी आहे. सहा वर्षं लागली तर लग्नाचं काय? त्यांना मी नियमच वाचून दाखवला. पीएचडीची कमाल मुदत सहा वर्षं, पुढे मुदतवाढ, महिलांना त्याहून दोन वर्षं जास्त, सगळं मिळून दहा वर्षांच्या आत. बाळंतपणासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. आणि लग्न होऊन गाव बदललं तर केलेलं संशोधन दुसऱ्या विद्यापीठात नेता येतं, आधीच्या गाईडला श्रेय देऊन. त्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. मंगनीच्या बोलणीत दाखवीन म्हणाले.