पाण्यात शिरलेली सोंड

सुटी लागली की आपली मंडळी महाबळेश्वरला जातात, पॉइंट मोजतात आणि चणे खाऊन परततात. माझे सांगणे एवढेच, की या खेपेस आणखी थोडे खाली उतरून तापोळ्यास जावे. तेथे सोळशी कोयनेला मिळते आणि डोंगराची सोंड थेट शिवसागरात शिरलेली दिसते. या सोंडेवर मुक्काम ठोकला, की 'आता काय करू?' हा मुलांचा प्रश्न आपोआप मिटतो. सकाळी होडीतून फेरी, दुपारी काठावरून चपटे दगड पाण्यावर नाचवणे, रात्री तारे. दमदार असाल तर बामणोलीहून होडीने जाऊन, वनखात्याच्या परवानगीने, वासोटा चढावा. पोहण्याचा मोह मात्र आवरावा. या पाण्याखाली डोंगराचाच उतार आहे; दुसऱ्या पावलाला तळ सुटतो.

आमच्या धाकटीने होडीवाल्याला विचारले, "काका, इथे पाणी किती खोल?"

"बाय, माझ्या आज्याचं घर बुडालंय, येवढं."

ती पाण्यातला हात काढून गप्प बसली.

कोयना धरण १९६४ साली पुरे झाले. खोऱ्यातली गावे पाण्याखाली गेली, माणसे उठून दूर गेली. त्याच पाण्यावर पोफळीस वीज होते आणि तुमच्याआमच्या घरी दिवे लागतात. मुलांना होडीत बसवाल तेव्हा हेही सांगा. उपदेश म्हणून नव्हे. ताटात वाढणारा कोण, हे जेवणाऱ्याला ठाऊक असावे, म्हणून.