चाळीतून चाळिसाव्या मजल्यावर. पण तेराव्या वर्षी लिफ्ट कोण चालवणार?

वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांच्या हातात १४ ऑगस्ट २०२५ रोजी नव्या घरांच्या चाव्या पडल्या. १६० चौरस फुटांची खोली आणि मजल्याच्या टोकाला असलेलं सामायिक शौचालय मागे पडलं. त्याजागी ५०० चौरस फुटांचं, दोन बेडरूमचं, मालकी हक्काचं घर आलं आणि तेही मोफत. तीन-चार पिढ्या एका खोलीत काढलेल्या कुटुंबांसाठी हा दिवस किती मोठा होता, हे वेगळं सांगायला नको.

पण ४० मजली टॉवर हे नुसतं घर नसतं, ते दिवसरात्र चालणारं एक यंत्र असतं. त्याला दर महिन्याला पैसा लागतो. घर मोफत देता येतं, ही चालवणूक कायमची मोफत देता येत नाही. मुंबईचं नवं क्षितिज उभं करताना याच हिशेबाकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जात आहे.

नेमका प्रकल्प काय आहे?

बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. ब्रिटिश सरकारच्या या खात्याने १९२०च्या दशकात कामगारांसाठी वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी बांधल्या. प्रत्येक चाळ तळमजला अधिक तीन मजल्यांची आणि प्रत्येकीत ८० खोल्या. गिरणी कामगार, गोदी कामगार, पालिका कर्मचारी, पोलीस अशी मध्य मुंबईची कष्टकरी वस्ती इथे शंभर वर्षं नांदली.

शिवडीच्या १२ चाळी बंदर प्राधिकरणाच्या जमिनीवर असल्याने त्या या प्रकल्पात नाहीत. उरलेल्या १९५ चाळींचा पुनर्विकास म्हाडा करत आहे. साडेपंधरा हजारांहून अधिक गाळेधारकांना घरं द्यायची आहेत. त्यासाठी लागणारा पैसा उभा करण्यासाठी याच जमिनीवर खुल्या बाजारात विकायची घरं आणि व्यापारी जागाही बांधल्या जाणार आहेत. पुनर्वसनाच्या इमारतींची देखभाल पहिली १२ वर्षं प्रकल्पामार्फतच होणार असून रहिवाशांवर तो भार नाही. प्रश्न आहे तो तेराव्या वर्षाचा.

शेजारच्या टॉवरपेक्षा हा टॉवर वेगळा कसा?

लोअर परळमध्ये श्रीनिवास मिलच्या जागेवर वर्ल्ड टॉवर्स उभे आहेत. त्यातला सर्वांत उंच मनोरा २८० मीटरचा आहे. १९८२च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे बंद पडत गेले आणि गिरण्यांच्या जमिनींवर काचेचे मनोरे उभे राहिले. आता त्याच पट्ट्यात चाळींच्या जागी पुनर्वसनाचे टॉवर येत आहेत. सी-लिंकवरून पाहिलं तर काही वर्षांनी कोणता टॉवर कोणाचा, हे ओळखताही येणार नाही.

फरक दिसतो तो महिन्याच्या बिलात. खासगी टॉवरमध्ये घर घेणारा माणूस देखभालीचा आकडा विचारूनच सही करतो. उंचीची किंमत त्याने आधीच मोजलेली असते. चाळीतल्या कुटुंबाने ४० मजल्यांची उंची निवडलेली नाही. तेवढ्याच जमिनीत पुनर्वसनही बसवायचं आणि विक्रीची घरंही, म्हणून ही उंची आली आहे. थोडक्यात, उंची प्रकल्पाच्या गणिताने ठरवली आणि ती चालवण्याचा खर्च मात्र पुढे रहिवाशांच्या गणितात जाणार आहे.

पैसा नेमका कशावर खर्च होतो?

अनेकांना वाटतं की सर्वांत मोठा खर्च पाणी वर चढवण्याचा असेल. प्रत्यक्षात तसं नाही. पाच जणांच्या कुटुंबाला माणशी १३५ लिटर या सरकारी मानकानुसार दिवसाला ६७५ लिटर पाणी लागतं. ते १२० मीटर उंच टाकीत चढवायला भौतिकशास्त्राच्या हिशेबाने पाव युनिटपेक्षाही कमी वीज लागते. पंप आणि पाइपमधला तोटा धरून ती दुप्पट केली, तरी महिन्याला १३-१४ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर दीडशे रुपयांच्या आत काम भागतं.

मोठा खर्च आहे तो यंत्रं सांभाळण्याचा आणि बदलण्याचा. लिफ्टचे देखभाल करार, जनरेटर, सांडपाणी प्रक्रिया, सुरक्षारक्षक, सफाई, अग्निशमन यंत्रणा, बाहेरच्या भिंतींची दुरुस्ती. तीन मजली चाळीची भिंत दुरुस्त करायला बांबूची परांची पुरते. १२० मीटर उंचीवरच्या गळतीसाठी वरून पाळणा सोडावा लागतो आणि खर्च आपोआप वाढतो.

गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये याची तरतूद आहे. घराच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के रक्कम दरवर्षी सिंकिंग फंडात आणि ०.७५ टक्के रक्कम दुरुस्ती निधीत टाकावी, असं त्यात म्हटलं आहे. उदाहरणासाठी एका घराचा बांधकाम खर्च २५ लाख रुपये धरू. वर्षाला २५ हजार, म्हणजे महिन्याला सुमारे २,१०० रुपये फक्त या दोन निधींचे होतात. लिफ्ट, रक्षक, सफाई, पाणीपट्टी आणि मालमत्ता कर यात अजून आलेलेच नाहीत.

चाळीत सरकारला नाममात्र भाडं भरणाऱ्या घराच्या खर्चात हा एक नवाच रकाना आहे. ज्या घरात दोन पगार येतात तिथे तो बसेलही. निवृत्तिवेतनावर किंवा मुलाच्या डिलिव्हरीच्या कामावर चालणाऱ्या घराचं काय?

पहिली १२ वर्षं मोफत, मग अडचण कुठे?

अडचण नेमकी या १२ वर्षांतच दडलेली आहे. नवी यंत्रं सुरुवातीला फारसा खर्च मागत नाहीत. लिफ्टचं आयुष्य साधारण २० ते २५ वर्षांचं असतं. पहिल्या दशकात तेलपाणी आणि किरकोळ सुटे भाग यावर भागतं. मोठी बिलं त्यानंतर येऊ लागतात. दोर, नियंत्रण पॅनेल, पंप, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, रंगकाम हे सगळं एकामागोमाग समोर उभं राहतं. आणि शेवटी लिफ्टच नव्या घ्याव्या लागतात.

म्हणजे मोफत देखभालीची १२ वर्षं ही इमारतीच्या आयुष्यातली सर्वांत स्वस्त वर्षं आहेत. महागडी वर्षं सुरू होतात तेव्हा सोसायटी एकटी असेल. तोवर रहिवाशांना काहीच भरायची सवय लागलेली नसेल, खर्चाचा अंदाज नसेल आणि निधीही साठलेला नसेल. सवलत म्हणून दिलेली १२ वर्षं तयारीविना गेली, तर तीच पुढे घात करतील.

लिफ्ट बंद पडली तर जिने आहेतच की?

तीन मजली चाळीत हे उत्तर चालतं. ४० मजल्यांवर लिफ्ट ही सोय राहत नाही, ती घराचा रस्ता असते. ती चार दिवस बंद राहिली तर पस्तिसाव्या मजल्यावरच्या डायलिसिसच्या रुग्णाचा रस्ताच बंद होतो. आदर्श उपविधींनुसार लिफ्टचा खर्च सर्व सभासदांमध्ये सारखा वाटला जातो. काही जणांनी पैसे थकवले तर लिफ्ट त्यांच्यापुरती बंद ठेवता येत नाही, ती सगळ्यांसाठीच बंद पडते.

आगीचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. मुंबई अग्निशमन दलाच्या सर्वांत उंच शिडीची पोहोच सुमारे ९० मीटर आहे. त्यापेक्षा वरच्या मजल्यांना बाहेरून शिडी लावून वाचवणं शक्य नाही. तिथे जीव वाचतो तो इमारतीच्या स्वतःच्या यंत्रणेमुळे. स्प्रिंकलर, मजल्यामजल्यावर पोहोचणारी पाण्याची उभी नळवाहिनी, फायर पंप, धूर न शिरणारे जिने आणि मधे थांबण्यासाठीची मोकळी जागा यांवर सगळं अवलंबून असतं. वर्षानुवर्षं न चालवलेला पंप ऐनवेळी सुरू होत नाही.

महाराष्ट्राच्या २००६च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. या तपासणीलाही पैसे लागतात आणि तपासणीत निघालेल्या दुरुस्तीला त्याहून जास्त.

ऑक्टोबर २०२३ मध्ये गोरेगावमधील एका झोपडपट्टी पुनर्वसन इमारतीला पहाटे आग लागली आणि किमान सात रहिवाशांचा जीव गेला. ती इमारत चाळीस मजल्यांच्या पाव उंचीचीही नव्हती. घर देऊन झालं की पुनर्वसन संपलं, असं मानण्याची किंमत काय असू शकते, हे त्या पहाटेने दाखवलं.

जगात काय घडलं?

गरिबांना उंच इमारतींत हलवण्याचा प्रयोग मुंबईत पहिल्यांदा होत नाही. अमेरिकेतील सेंट लुईस शहरात १९५४ पासून प्रुइट-आयगो ही ३३ इमारतींची सरकारी वसाहत वसू लागली. प्रत्येक इमारत ११ मजल्यांची. बांधायला सरकारने पैसा दिला, देखभाल मात्र भाड्यातून करायची होती. शहरातून लोक आणि रोजगार बाहेर गेले, घरं रिकामी पडली, भाडं घटलं, लिफ्ट आणि पाइप नादुरुस्त राहिले. १९७२ मध्ये, म्हणजे २० वर्षंही व्हायच्या आत, इमारती पाडायला सुरुवात झाली. कारणं अनेक होती, पण देखभालीचा कोरडा पडलेला झरा हे त्यातलं मोठं कारण.

सिंगापूरचा अनुभव उलट आहे. तिथे बहुसंख्य लोक सरकारने बांधलेल्या उंच इमारतींतच राहतात. तिथल्या टाऊन कौन्सिल रहिवाशांकडून दरमहा शुल्क घेतात, दीर्घकालीन कामांसाठी निधी बाजूला ठेवतात आणि लिफ्ट बदलण्यासाठीचा निधी वेगळा ठेवणं त्यांना कायद्याने बंधनकारक आहे. सरकारही त्यात अनुदानाची भर घालतं. दोन्हीकडे इमारती उंचच होत्या. फरक होता तो पुढच्या २० वर्षांचा खर्च आधी मोजण्यात.

मग चाळच बरी होती का?

अजिबात नाही. चाळीतल्या शेजाराच्या, गणपतीच्या आणि नाक्यावरच्या गप्पांच्या आठवणी काढणं सोपं असतं. रात्री-अपरात्री शौचालयासाठी चाळीच्या टोकापर्यंत जाणाऱ्या म्हाताऱ्या बाईला विचारलं तर ती वेगळं सांगेल. मध्य मुंबईतल्या कष्टकऱ्यांना मध्य मुंबईतच, स्वतःच्या नावावर घर मिळणं ही न्यायाची गोष्ट आहे. म्हणूनच ते घर टिकणंही महत्त्वाचं आहे.

देखभाल परवडत नाही म्हणून घर भाड्याने देऊन किंवा मुदत संपताच विकून कुटुंब बदलापूर-विरारला गेलं, तर कागदावर पुनर्वसन यशस्वी दिसेल. प्रत्यक्षात गिरणगावातला कामगार एक टप्पा उशिरा, पण शहराबाहेरच गेलेला असेल.

‘लोक भरतील, इतर सोसायट्यांत भरतातच की’ असा युक्तिवाद होतो. अनेक जण भरतीलही, आणि भरायलाच हवं. पण शेकडो घरांच्या टॉवरमध्ये पाचपैकी एका घराने जरी हप्ते थकवले, तरी लिफ्टचा करार अडतो. सगळा भार रहिवाशांच्या शिस्तीवर टाकणं हे नियोजन नव्हे.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, आकडे उघड करणं. या १२ वर्षांत प्रत्येक टॉवर चालवायला वर्षाला किती खर्च येतो, हे म्हाडाने दरवर्षी रहिवाशांसमोर मांडावं. तेराव्या वर्षी येणारं बिल पहिल्या वर्षापासून माहीत असायला हवं.

दुसरी, बचत आजपासून सुरू करणं. दरमहा ३०० रुपये भरले तरी १२ वर्षांत एका घराचे ४३,२०० रुपये जमतात, व्याज वेगळं. ५५६ घरांचे मिळून सुमारे २ कोटी ४० लाख. रकमेइतकीच भरण्याची सवयही मोलाची आहे.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, विक्रीच्या घरांतून येणाऱ्या पैशाचा ठरावीक हिस्सा लिफ्ट आणि अग्निसुरक्षेसाठी कुलूपबंद निधीत ठेवणं. मुद्दलाला कोणी हात लावायचा नाही आणि व्याज फक्त या दोन कामांवर खर्च करायचं. विक्रीच्या घरांना जागा करून देण्यासाठीच पुनर्वसनाच्या इमारती इतक्या उंच झाल्या. मग त्या विक्रीच्या नफ्यातून उंचीचा खर्च निघावा, ही मागणी अवाजवी नाही.

चौथी, लिफ्ट आणि अग्निशमन तपासणीचे ताजे दाखले प्रत्येक इमारतीच्या प्रवेशद्वारावर लावणं. यासाठी कोणत्याही निधीची गरज नाही.

हा प्रश्न वरळीपुरता नाही. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरही पुनर्वसनाचे टॉवर आहेत. धारावीचा पुनर्विकास समोर आहे. पुण्या-ठाण्यातही पुनर्वसनाच्या इमारतींचे मजले वाढत चालले आहेत. शहराचं क्षितिज किती उंच गेलं, हे फोटोत दिसतं. २०३७ नंतर वरळीतल्या त्या दोन विंगच्या लिफ्ट रोज सकाळी सुरू असतील का, याची सोय मात्र आत्ताच करावी लागेल.